अंबादासला अजून लघवी होते

"सर, आता डायलिसिसशिवाय इलाज नाही," अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि रिपोर्टचा कागद माझ्याकडे वळवला. क्रिएटिनिन अकरा पॉइंट चार. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून रक्तात येणारा कचरा. किडन्या धड असल्या तर हा आकडा एकच्या आसपास राहतो. मी अकोल्याच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे आकडा मला लगेच समजला. समजल्यामुळे काही सोपं झालं नाही.

शेजारी माझी बायको सुनंदा बसली होती. तिचं माहेर बडनेऱ्याचं. दिवाळीसाठी आम्ही तिकडे आलो होतो आणि जिना चढताना मला इतकी धाप लागली की तिच्या भावानं जबरदस्तीनं अमरावतीला दवाखान्यात नेलं. त्याआधी सहा महिने पाय सुजत होते, सकाळी उलटीची भावना होत होती, चहाला लोखंडाची चव येत होती. ब्लडप्रेशरची गोळी मी आठवली तर घेत असे. हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण शाळेत सगळ्यांना सल्ले देणारा मीच होतो.

तुम्हाला पाय सुजण्याची, धाप लागण्याची तक्रार असेल तर उगाच शहाणपणा करू नका. रक्त तपासा. एवढं सांगून मी मुख्य गोष्टीकडे येतो, कारण माझा खरा आजार रिपोर्टमध्ये कधी आलाच नाही. मला हेवा वाटायचा. तोही लघवीचा.

अकोल्यात परत आल्यावर आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार अशी माझी पाळी लागली. सुरुवातीला मानेतल्या नळीतून डायलिसिस झालं. मग डाव्या हातावर फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून देणं, म्हणजे शीर फुगते आणि तिच्यात दोन जाड सुया टोचता येतात. एका सुईतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. हातावर तळवा ठेवला तर आत घरघर जाणवते. पहिल्या दिवशी मी सुनंदाला ती दाखवली, तर तिनं हात झटकन मागे घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

डायलिसिसवर असणाऱ्याला पाणी मोजून प्यावं लागतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, मग प्यायलेलं सगळं अंगातच साठतं, पायात, चेहऱ्यावर, शेवटी फुप्फुसात. दोन पाळ्यांमध्ये वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी. मला दिवसाला अर्धा लिटर, म्हणजे चहा, ताक, गोळ्यांसकट सगळं. सुरुवातीला मला थोडी लघवी व्हायची. तीन महिन्यांत तीही थांबली. त्या दिवशी मला रडू आलं हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

डायलिसिसच्या हॉलमध्ये सात खाटा. माझी चौथी, खिडकीजवळची पाचवी अंबादासची.

अंबादास पातूरचा. तिथं त्याची पिठाची चक्की. वय चव्वेचाळीस, म्हणजे माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि डायलिसिसवर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जुना. तो एकटा एसटीनं यायचा, चार तास पडून राहायचा, सुया निघाल्या की दहा मिनिटं कापूस दाबून बसायचा आणि उठून पुन्हा एसटी पकडायला चालू लागायचा. मला मात्र पाळी संपली की दोघांनी धरून ऑटोत बसवावं लागायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो.

माझी लघवी थांबल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं, "सर, तुमाले होते का?"

"काय?"

"लघवी, बाप्पा. मले अजून होते. डाक्टर मॅडम म्हनते, अर्ध्या लिटरच्या वर होते." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "तुमची बी येईन वापस. टेन्शन नका घेऊ."

माणूस चांगल्या मनानं बोलत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं झाली तरी त्याला होते आणि माझी तीन महिन्यांत गेली! तो मोठा पेला भरून पाणी प्यायचा, माझ्या डोळ्यांदेखत. एकदा पाळीच्या मध्येच त्यानं भांडं मागितलं आणि पडदा ओढला. पडद्यामागचा तो आवाज ऐकत मी पडून राहिलो. दुसऱ्याचं घर, गाडी, पोराची नोकरी पाहून माणसं जळतात हे मी ऐकून होतो. माझ्यावर ही वेळ आली होती.

वजनाच्या काट्यावर मी आधी त्याचा आकडा बघायचो, मग माझा. त्याचं दीड किलो वाढलेलं, माझं तीन. हिमोग्लोबिन त्याचं अकरा, माझं आठ. नर्सबाई फाइल ठेवून गेल्या की मी मान लांब करून वाचायचो. वर्गात पोरं शेजाऱ्याच्या वहीत डोकावायची तेव्हा मी खडू फेकून मारत असे.

सुनंदाही त्याचं कौतुक करायची. "पाहा ना, अंबादासभाऊ कसे हसतमुख असतात." मी म्हणायचो, "त्याले होते, म्हनून हासते."

चौथ्या महिन्यात मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, "मशीन तेच, वेळ तोच, मग मी असा मेल्यासारखा का पडतो आणि तो उठून चालू का लागतो?"

त्यांनी खुर्ची ओढली. "सर, तुम्ही विज्ञानाचे, म्हणून सांगते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. शरीरात प्राणवायू वापरला जाताना काही उपद्रवी कण तयार होतात, फ्री रॅडिकल्स. ते पेशींना, रक्तवाहिन्यांना इजा करतात. त्यांना आवर घालणारे पदार्थही शरीरातच असतात, अँटिऑक्सिडंट्स. किडनी बंद पडली की उपद्रवी कण वाढतात. रक्त मशीनच्या फिल्टरला घासून जातं, तेव्हा आणखी वाढतात. शिवाय मशीन कचऱ्याबरोबर चांगल्या गोष्टीही काही प्रमाणात धुऊन नेतं, व्हिटॅमिन सी वगैरे. त्यामुळे रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयावर ताण येतो. थकव्याची कारणं बरीच असतात, पण हे त्यातलं एक आहे."

"आणि अंबादासला नाही होत हे?"

"होतं. पण ज्यांच्या किडनीचं थोडंसं काम शिल्लक असतं त्यांच्यात हे कमी दिसतं."

म्हणजे पुन्हा तेच. फिरून फिरून गोष्ट त्याच्या लघवीवर येत होती.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. ऑक्सिडीकरण! नववीच्या वर्गाला मी ते वर्षानुवर्षं शिकवलेलं. लोखंडी खिळे परीक्षानळीत घालून गंज चढवून दाखवलेला. चहाला लोखंडाची चव यायची तेही मला आता वेगळ्या प्रकारे पटू लागलं, जरी त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. माझं अंग आतून गंजतं आहे आणि गंज कसा थांबवायचा हे माझ्याइतकं या दवाखान्यात कोणाला कळतं, असा माझा समज झाला. मॅडमनी पुढे आहाराबद्दल काही सांगितलं. ते मी ऐकलं नाही.

आता इथली एक रीत सांगतो. डायलिसिसच्या हॉलमध्ये पहिला तास हा खाण्याचा तास असतो. डॉक्टर तो सांगत नाहीत, नर्सबाया बघून न बघितल्यासारखं करतात. पेशंटांचा पक्का विश्वास असा की पहिल्या तासात जे खाल्लं ते उरलेल्या तीन तासांत मशीन ओढून नेतं. त्यामुळे एरवी बंद असलेलं सगळं त्या तासात डब्यांतून निघतं. कोणी केळं खातं, कोणी टोमॅटोची चटणी, कोणी आंब्याची फोड. अंबादासचे नातेवाईक मोर्शीकडचे, त्यांचा संत्र्यांचा बगीचा. हिवाळाभर तो रोज एक संत्रं आणायचा, सावकाश सोलायचा, एकेक फोड चोखायचा आणि वास आमच्या सातही खाटांवर पसरायचा.

"घ्या सर, एक फोड."

"नको."

मी नको म्हणत होतो आणि मनात जुळवत होतो. संत्रं म्हणजे व्हिटॅमिन सी. व्हिटॅमिन सी म्हणजे अँटिऑक्सिडंट. अंबादास रोज संत्रं खातो, अंबादास उठून चालतो. सापडलं! याचं गुपित लघवीत नसून संत्र्यात आहे, आणि संत्री तर अकोल्याच्या प्रत्येक हातगाडीवर आहेत. लघवी मला परत आणता येत नव्हती. संत्री आणता येत होती. त्याच्याकडे जे आहे ते मलाही मिळू शकतं, या विचारानं मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि तो एक खातो तर मी चार खाणार. पहिल्या तासात कशाला, मशीन धुऊन नेईल ना. घरी खाणार, म्हणजे अंगी लागेल.

शुक्रवारी पाळी झाली. शनिवार-रविवार मध्ये सुट्टीचे, म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचे दोन दिवस. सुनंदा शनिवारी तिच्या आईला बघायला बडनेऱ्याला गेली ती रविवारी संध्याकाळी परतली. मी शनिवारी सहा संत्री खाल्ली. रविवारी पाचाचा रस काढला, वरून आवळ्याचा रस घातला. पाण्याचा कोटा मोडू नये म्हणून पाणी प्यायलोच नाही, सगळा अर्धा लिटर रसातच बसवला. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो. सोमवारी अंबादासच्या आधी उठून उभं राहायचं असं मी ठरवलंसुद्धा होतं.

सोमवारी सकाळी मला उठताच येईना. पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. ओठांभोवती मुंग्या. जीभ जड. सुनंदानं शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि साडेआठला मी दवाखान्यात पोचलो.

ईसीजीचा कागद बघून मॅडमचा आवाज बदलला. पोटॅशियम सात पॉइंट दोन. पोटॅशियम हा क्षार हृदयाचे ठोके सांभाळतो. किडनी नसली की तो रक्तात साठतो आणि एका मर्यादेनंतर हृदय थांबवतो. त्याआधी बहुतेक वेळा काही सांगतही नाही. शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग ग्लुकोजमधून इन्सुलिन, नाकावर वाफेचा मास्क. मॅडम म्हणाल्या, "हे सगळं तात्पुरतं आहे. मशीनवर घ्यावं लागेल. आत्ता."

मशीन मोकळं नव्हतं. सहा चालू होती. सातवं तयार होतं, आणि त्याच्यासमोर अंबादास बाही वर करून बसला होता. त्याच्या पुतणीचा साखरपुडा होता त्या दुपारी, म्हणून त्यानं पंधरा दिवस आधी सांगून सकाळची पाळी मागून घेतली होती. नवा शर्ट घातलेला. टेक्निशियनच्या हातात सुई होती.

मला स्ट्रेचरवरून दिसत होतं. मॅडम काही बोलायच्या आत तो उठला.

"सरले लावा पैले."

"अंबादास, तुमचा कार्यक्रम आहे ना?"

"राहू द्या हो मॅडम. माह्यावाली अजून चालू हाये. मले चार घंट्यानं काई होत नाई. सरले कुठी होते!"

खरं सांगतो, जीव जायची वेळ आली होती आणि तरी ते वाक्य मला सुईसारखं लागलं. सगळ्यांसमोर. द्यायला वेळ होता तोही त्याच्याकडेच, आणि कशामुळे, तर त्याच लघवीमुळे. मला आभार मानायचे होते. जीभ जड होती. हलकी असती तरी मानले असते की नाही, सांगता येत नाही.

तो दारापाशी बाकावर दुपारपर्यंत बसून राहिला. मग माझ्या बाराच्या पाळीच्या जागेवर त्याला मशीन मिळालं. साखरपुडा त्यानं मोबाइलवर पाहिला.

दुसऱ्या दिवशी मॅडम वॉर्डात आल्या. "सर, किती संत्री?"

"अकरा."

त्यांनी आकडा फाइलमध्ये लिहिला. "अंबादासच्या शरीरातून पोटॅशियम लघवीवाटे जातं. त्याला एक संत्रं चालतं. तुम्हाला एकही नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यासुद्धा मनानं घ्यायच्या नाहीत, जास्त झालं तर त्याचाही क्षार साठतो. अँटिऑक्सिडंटवर अभ्यास चालू आहेत, पण तुमच्यासाठी उपाय साधा आहे. पूर्ण चार तास मशीन, एकही पाळी बुडवायची नाही, ब्लडप्रेशर ताब्यात, मोजकं पाणी, मोजकं मीठ. आणि काही खायचं असेल तर आधी विचारायचं." मग जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही विचारलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं."

मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी अंबादासची नक्कल करतो आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण डायलिसिसच्या हॉलमध्ये शेजारच्या खाटेकडे पाहून आपला आहार ठरवणारा मी एकटाच नसेन. शेजाऱ्याची किडनी वेगळी, आपली वेगळी. आपली फाइल वाचा.

तेवढ्यानं माझा हेवा गेला असं समजू नका. उलट वाढला. आता त्याचे उपकारही होते. अंबादासनं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, याचाही मला राग यायचा. मॅडमनी सांगितलेलं सगळं मात्र मी पाळलं. सुनंदा भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायची, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. चार तासांतला एक मिनिटही मी कमी करू दिला नाही. हळूहळू हिमोग्लोबिन दहावर आलं. मी ऑटोपर्यंत आपल्या पायांनी जाऊ लागलो. शाळेत आठवड्यातून दोन दिवस तासही घेऊ लागलो. अंबादासपेक्षा माझं पाणी कमी भरू लागलं तेव्हा काट्यावरून मी मुद्दाम सावकाश उतरायचो.

उन्हाळा संपत आला तेव्हा एका सोमवारी अंबादास आला तो सुजलेला. काट्यावर साडेचार किलो जास्त.

टेक्निशियननं विचारलं, "काय झालं?"

"तीन दिसापासून बंद हाये," तो म्हणाला. "एक थेंब नाई."

आता मला जे झालं ते लिहितो. माझ्या छातीवरून ओझं उतरलं. बरं वाटलं. अगदी स्वच्छ, लख्ख बरं वाटलं. मी त्या दिवशी त्याच्याशी खूप वेळ बोललो. धीर दिला, शाळेतल्या गमती सांगितल्या, "होते सवय, अंबादास" असं म्हणालो.

घरी गेल्यावर मी दोनदा भाजी मागून घेतली. सुनंदानं विचारलं, "आज काय विशेष?" मी सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. "त्या माणसानं तुमच्यासाठी पुतणीचा साखरपुडा सोडला होता," एवढंच बोलली आणि भाजीचं भांडं आत घेऊन गेली. मी ताट सारलं आणि उठलो.

बुधवारी अंबादासला धापा टाकत आणलं. दोन दिवसांत चार किलो. बायको सोबत होती, पदरानं डोळे पुसत होती. "पानी सुटत नाई सर ह्याईचं. माठापाशी जाऊन उभे राह्यते." दोन वर्षं त्याला तहान मारायची गरजच पडली नव्हती. त्याला ते येतच नव्हतं. मॅडमनी माझ्यासमोर त्याला बजावलं की असं आणखी दोनदा झालं तर फुप्फुसात पाणी भरून एखाद्या दिवशी दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळणार नाही. पातूर ते अकोला अंतर काही कमी नाही.

मशीन लागल्यावर त्याचा श्वास बसला. मग त्यानं मान माझ्याकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत मला माझीच नजर दिसली, मी त्याच्याकडे इतके महिने जशी पाहत होतो तशी.

"सर, तुमी अर्ध्या लिटरवर कसे राह्यता? मले शिकवा ना."

शिकवणं माझा धंदा. पण त्याला काही सांगण्याआधी दुसरं सांगणं भाग होतं.

"अंबादास, परवा तू बंद झाली म्हनून सांगतलं, तवा मले बरं वाटलं होतं. तुझा हेवा करत होतो मी. पैल्या दिवसापासून."

मला वाटलं, आता हा तोंड फिरवेल, आणि फिरवलं तर बरोबरच होईल.

"मालूम हाये सर," तो म्हणाला. "त्या रोजी तुमी माह्याशी पैल्यांदा हासून बोलले."

मग उजव्या हातानं चादर नीट करून म्हणाला, "आता सांगा. सकायच्या गोळ्या किती पान्यात घेता?"

मी खाटेवर जरा त्याच्या बाजूला सरकलो, सुया हलणार नाहीत इतपत, आणि सांगायला सुरुवात केली.